डबा परत येतो तेव्हा: फराळाच्या डब्यांसाठी हाताने छापलेल्या चिठ्ठ्या

गेल्या दिवाळीत धाकट्या जावेकडून डबा परत आला, तेव्हा त्याच्या कडीला मीच बांधलेली चिठ्ठी होती. पुढच्या बाजूला मी गेरूने छापलेली करंजी आणि माझ्या अक्षरातलं तिचं नाव. उलटून पाहिलं, तर मागे तिच्या अक्षरात आमचं नाव, आणि डब्यात रव्याचे लाडू. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत तिने पाळली होतीच, पण चिठ्ठीही परत पाठवावीशी वाटली याचा मला फार आनंद झाला. ती फाटली नव्हती, रंग पुसला नव्हता, फक्त एका कोपऱ्याला तुपाचं बोट लागलं होतं.

तेव्हापासून मी एकच कसोटी धरली आहे. चिठ्ठी अशी करायची की ती एक खेप जाऊन परत येईल. कागद कोणता घ्यावा, रंग कसा कालवावा, दोरा कसा बांधावा, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. मुलं याला टॅग म्हणतात, मी चिठ्ठी म्हणते. तुम्हाला जे जवळचं वाटेल ते म्हणा.

मी सांगलीत ३१ वर्षं माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना बसवलं, आणि कार्यानुभवाच्या तासाला भेंडी-बटाट्याचे ठसे तर किती वेळा घेतले याची गणती नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं घरच्या जेवणाच्या टेबलावर होण्यासारखं आहे.

आधी वेळेचं बघू. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण २० दिवस मिळतात. त्यातला पहिला आठवडा चिठ्ठ्यांचा. एकदा चकलीची भाजणी दळून आली आणि कढई चढली, की हाताला तेल लागतं, आणि तेलकट बोट लागलेल्या कागदावर पाण्यातला रंग धरत नाही. म्हणून कागदाचं काम आधी उरकायचं, मग स्वयंपाकघरात शिरायचं. यादीही त्याच आठवड्यात करा: किती डबे, कोणाकोणाला. माझे साधारण ६० होतात. त्यावर १० जास्त धरते, कारण छापताना काही बिघडतात आणि ऐन वेळी कोणीतरी आठवतंच.

कागद

चिठ्ठीला जाड कागद हवा. दुकानात कागदाचं वजन जीएसएममध्ये सांगतात. २५० ते ३०० जीएसएमचा मागा. साधा ड्रॉइंग पेपर दोऱ्याच्या भोकापाशी पहिल्या दिवशीच फाटतो, मग परतीचा प्रवास कसला!

माझी पहिली पसंती हातकागदाला. पुण्याला शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. पुण्याला गेले की तिथून चार-सहा ताव गुंडाळी करून आणते. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हा कागद दिसायला मऊ, पण चिवट असतो, कारण सुताचे तंतू लांब असतात. सुरकुती पडली तरी तो तुटत नाही. एकच लक्षात ठेवायचं: त्याला एक बाजू जरा गुळगुळीत असते आणि एक खरबरीत. बोटाने चाचपून गुळगुळीत बाजू छपाईसाठी ठेवा.

५ बाय ९ सेंटिमीटर हे माप मला वापरून वापरून पटलं आहे. याहून लहान केली तर नाव दाटीने लिहावं लागतं, मोठी केली तर डब्यावर फडफडते. हातकागदाचा ताव बहुधा ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा असतो. आडव्या ११ आणि उभ्या ८, म्हणजे एका तावात ८८ चिठ्ठ्या निघतात. ए-फोर मापाचं कार्डशीट घेतलंत तर एकात १२ बसतात, म्हणजे ६० चिठ्ठ्यांना पाच शीट पुरतात.

कापताना स्टीलची पट्टी आणि नवीन पात्याचा कटर घ्या. एकाच दणक्यात कापायला जाऊ नका. हलक्या हाताने तीनदा पातं फिरवा, कड सरळ येते. हातकागदाची कड मला मात्र कापलेली आवडत नाही. रेघ आखायची, त्या रेघेवर कागद दुमडायचा, ओल्या ब्रशने दुमडीवर पाणी फिरवायचं, एक मिनिट थांबायचं आणि पट्टी दाबून धरून अलगद फाडायचं. कडेला बारीक तंतू सुटतात आणि कागद सुती आहे हे पाहताक्षणी कळतं. वेळ जास्त लागतो. मी निदान वरची आणि खालची कड तरी अशी फाडते.

पैसे खर्च करायचे नसतील तर घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. त्यांचा कागद उत्तम असतो आणि आतली एखादी बाजू बहुतेक कोरीच असते. गणपतीचं चित्र असलेला भाग कापताना मला बरं वाटत नाही, म्हणून तो मी बाजूला ठेवते आणि उरलेल्यातून चिठ्ठ्या काढते. चकचकीत, लॅमिनेशन केलेल्या पत्रिका मात्र उपयोगाच्या नाहीत, त्यांच्यावर गेरू ठरत नाही.

ठसा कोरणं

लहान मुलं बरोबर असतील तर भेंडीपासून सुरुवात करा. देठाकडून बोटाच्या पेरभर भाग कापला की पाच पाकळ्यांचं फूल तयार, काही कोरावं लागत नाही. कापलेली बाजू दहा मिनिटं जुन्या सुती कापडावर उलटी ठेवायची, म्हणजे बुळबुळीतपणा कमी होतो. बटाट्याचंही तसंच, कापल्यावर त्यातून पिठूळ पाणी सुटतं, ते वर्तमानपत्रावर टिपून घेतल्याशिवाय रंग लावला तर ठसा फिका आणि डागाळलेला येतो. हे ठसे काही तासांचे. संध्याकाळपर्यंत मऊ पडतात.

वर्षानुवर्षं टिकणारा ठसा हवा तर खोडरबर घ्या. शाळेच्या दुकानात मिळणारं मोठं, पांढरं, मऊ खोडरबर सगळ्यांत चांगलं. घासल्यावर भुगा होणारं जुन्या पद्धतीचं रबर कोरताना तुटतं. कोरायला लिनोची हत्यारं लागतात. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात एक मूठ आणि चार-पाच पाती असा संच मिळतो. त्यातली दोन पाती पुरेत: एक टोकदार खाचेचं, रेघा काढायला, दुसरं गोल खाचेचं, मोकळी जागा उकरून काढायला.

चित्र कसलं काढावं? इथे मी थोडा हट्ट धरते. पहिल्यांदा करणारे सगळे मोर काढायला जातात, पैठणीच्या पदरावरचा, पिसाऱ्यासकट. दोन इंचांच्या रबरावर तो बसत नाही. फराळाच्या ताटातच किती सोपे आणि सुंदर आकार आहेत ते बघा. चकली म्हणजे एक सलग वळसा, वर थोडे काटे. शंकरपाळी म्हणजे नुसता चौकोन तिरका ठेवलेला. करंजी म्हणजे अर्धा चंद्र आणि त्याची कातण्याने कापलेली नागमोडी कड. पणती म्हणजे खाली एक वाटी, वर एक थेंब. कंदील षटकोनी काढा, खाली तीन झिरमिळ्या. एका चिठ्ठीवर एकच आकार ठेवा, त्याला भोवती मोकळी जागा द्या.

आकार आधी कागदावर खऱ्या मापात काढा. मग त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने, ४बी किंवा ६बीने, जरा दाबून गिरवा. आता ट्रेसिंग पेपर उलटा करून, पेन्सिलीची बाजू रबरावर टेकवून, पाठीमागून नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासा. चित्र रबरावर उतरतं आणि आपोआप उलटं उतरतं. छापलं की पुन्हा सुलट येतं.

ही पायरी गाळू नका, विशेषतः अक्षरं कोरणार असाल तर. एका वर्षी घाई होती म्हणून मी 'शुभ दीपावली' थेट रबरावर उलटं लिहून कोरलं. उलट्या अक्षरात वेलांटीचा काना कोणत्या बाजूला येतो याचा मनात घोळ झाला आणि 'दी' ऐवजी 'दि' कोरला गेला. ३५ चिठ्ठ्या छापून झाल्यावर माझ्या लेकीच्या लक्षात आलं. 'दिवाळी'तला दि ऱ्हस्व आणि 'दीपावली'तला दी दीर्घ, हे फळ्यावर मी स्वतः कितीदा लिहिलं असेल! त्या ३५ चिठ्ठ्या मी पाठवल्या नाहीत. ट्रेसिंग पेपरवर सुलट लिहून, वाचून, दुसऱ्या कोणाला तरी दाखवून मगच तो उलटा करायचा, हे तेव्हापासून ठरलेलं.

देवनागरी कोरायला एका परीने सोपी आहे. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, त्यामुळे एखादं अक्षर सुटं पडून कलत नाही. अवघड जाते ती आतली जागा: 'भ'ची गाठ, 'श'चा डोळा. अक्षराची उंची एक सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवली तर या जागा रंगाने बुजतात. म्हणून दोनच शब्द कोरा, किंवा नुसतं 'शुभ'. खरं सांगायचं तर मी आता शब्द कोरतच नाही. आकार ठशाने, शब्द हाताने.

कोरताना हत्यार आडवं, रबराला जवळजवळ टेकलेलं धरायचं आणि पुढे ढकलायचं. उभं धरलं की ते रुततं. वळण आलं की हात नाही फिरवायचा, रबर फिरवायचं. चकलीचा वळसा असाच नितळ येतो. रबर धरणारा डावा हात कायम पात्याच्या मागे, पुढे कधीच नाही. वर्गात हे मी रोज सांगायचे, कारण बोथट पातं घसरतं आणि ते नेमकं अंगठ्यावर जातं. पातं बोथट वाटलं की बदला.

अजून एक गोष्ट पुष्कळांना कोणी सांगत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंनी कोरताना पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवा, म्हणजे रेघ वर बारीक आणि बुडाशी रुंद राहते, शेताच्या बांधासारखी. पातं आतल्या बाजूला कललं तर रेघेखालचं रबर पोकळ होतं, आणि दाबल्यावर रेघ वाकून ठसा फाटका येतो. रेघेची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी नको. खोली दोन मिलिमीटर पुरे.

कोरून झालं की ठशावर पेन्सिलीचा शिसा चोळून एका कागदावर दाबून बघा. जिथे नको तिथे डाग दिसला तर तेवढं आणखी उकरा. उकरलेलं परत लावता येत नाही, म्हणून थोडं थोडं. ठसा चांगला जमला की तो सुताराकडच्या लाकडाच्या तुकड्यावर चिकटवा. चप्पल चिकटवायला वापरतात तो पिवळट डिंक चालतो. लाकडामुळे दाब सारखा बसतो. लाकडाच्या वरच्या बाजूला एक बाण काढून ठेवा, नाहीतर पणती उलटी छापली जाते.

रंग: गेरू

बाजारात तयार स्टॅम्प पॅड मिळतात. कचेरीतला जांभळा पॅड हातकागदावर वापरू नका. त्याची शाई सावकाश वाळावी अशीच केलेली असते, आणि हातकागद ती तंतूंवाटे शोषून घेतो, त्यामुळे रेघेला चहूबाजूंनी केसाळ फाटे फुटतात. हस्तकलेच्या दुकानात पिगमेंट शाईचे पॅड असतात, ते चांगले. रेघ स्पष्ट येते, वाळल्यावर सहज पुसत नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी ते खुशाल घ्यावेत.

पण माझ्या चिठ्ठ्यांचा रंग गेरूचा. दिवाळीआधी आमच्या आईकडे तुळशीवृंदावनाला गेरू लागायचा, अंगणातली शेणाने सारवलेली जागा गेरूच्या पट्टीने चौकटीत बसवायची आणि आत पांढरी रांगोळी. तो विटकरी लाल रंग बघितला की मला दिवाळी आल्यासारखं वाटतं. शिवाय गेरू ही माती आहे, लोखंडाच्या गंजाने लाल झालेली, म्हणून ती उन्हात उडत नाही. हळदीने छापून पाहिलं होतं एकदा; सुरेख पिवळा आला आणि खिडकीत ठेवलेली चिठ्ठी काही दिवसांत फिकी पडली. साबणाचा हात लागला तर हळदीचा डाग लालही होतो. परत येणाऱ्या चिठ्ठीला तो रंग कामाचा नाही.

गेरू पूजासाहित्याच्या दुकानात मिळतो, कुंड्यांना लावायला म्हणून रोपवाटिकेतही मिळतो. कोरडी भुकटी किंवा खडा घ्या. तो तसाच वापरला तर खरखर राहते, म्हणून आधी धुवायचा. वाटीभर गेरू मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात ढवळा. अर्धं मिनिट थांबा. वाळू आणि खडे तळाला बसतात. वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळचा गाळ कुंडीत टाकून द्या. आणखी बारीक हवा असेल तर हेच पुन्हा एकदा करा. आता ते लाल पाणी रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली लोण्यासारखा गेरू असतो. नितळ पाणी अलगद ओतून टाका.

बाळंतिणीच्या लाडवात घालतो तो डिंक घ्या. एक चमचा डिंक कुटून चार चमचे पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. दोन चमचे धुतलेला गेरू, एक चमचा हे डिंकाचं पाणी, आणि औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन दोन-तीन थेंब. ग्लिसरीनमुळे रंग पॅडवर लगेच सुकत नाही. साईसारखा दाटपणा आला पाहिजे. पातळ झाला तर ठशाच्या खाचांत उतरतो.

एका चिठ्ठीवर छापून दोन तास वाळवा आणि कोरड्या बोटाने घासून बघा. बोट लाल झालं तर डिंक कमी पडला. रंग चकाकतो किंवा त्याला तडे जातात, तर डिंक जास्त झाला. दोन-तीनदा करून तुमच्या गेरूचं प्रमाण ठरवा, कारण प्रत्येक ठिकाणची माती सारखी नसते. आणि रोज लागेल तेवढाच कालवा. डिंकाचं पाणी तीन-चार दिवसांत आंबतं.

डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ही चिठ्ठी ओली झाली तर रंग सुटणार. गावातल्या गावात जाणाऱ्या डब्यांना त्याची अडचण नाही. माझी लेक परदेशात आहे, तिचं फराळाचं पार्सल महिनाभर आधी निघतं आणि वाटेत त्याला काय काय सोसावं लागतं कोण जाणे. तिच्या चिठ्ठ्यांसाठी मी डिंकाऐवजी ॲक्रिलिक रंग घेते, गेरूच्याच छटेचा. तो वाळला की पाण्याने हलत नाही. पण ठशावर वाळला तरीही हलत नाही! म्हणून आठ-दहा ठसे झाले की रबर ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, आणि काम संपताच जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवायचं.

पॅड घरीच करा. ओटा पुसायचा पातळ स्पंज ओला करून घट्ट पिळा, बशीत ठेवा, वर रंग ब्रशने सारखा पसरा. त्यावर जुन्या सुती साडीचा एक पदर ताणून घातला तर रंग आणखी एकसारखा लागतो.

छापणं

टेबलावर वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या घाला. खाली थोडं मऊ असलं की ठसा पूर्ण टेकतो. नुसत्या काचेवर किंवा फरशीवर कडा उमटत नाहीत. ठसा पॅडवर हलक्या हाताने तीन-चारदा टिपा, रगडू नका. पहिले दोन ठसे रद्दी कागदावर. मग चिठ्ठीवर ठेवा, तळव्याने सरळ खाली दाबा, मनात पाच अंक मोजा, सरळ वर उचला. हलवलंत की सावली पडते.

खरबरीत हातकागदावर ठसा तुटक येत असेल तर उलट करा. ठसा तोंड वर करून टेबलावर ठेवा, रंग लावा, चिठ्ठी त्यावर पालथी घाला आणि चमच्याच्या पाठीने हळूहळू घासा. कागद खाचाखोचांपर्यंत पोचतो. मला ही रीत जास्त आवडते, फक्त एका चिठ्ठीला अर्धं मिनिट जास्त जातं.

आकार कुठे ठेवायचा याचं उत्तर मला शिवाजी महाराजांच्या पत्रांत सापडलं. वर्गात मुलांना त्या पत्रांची छायाचित्रं दाखवायचे. वर अष्टकोनी राजमुद्रा, 'प्रतिपच्चंद्रलेखेव' हे शब्द असलेली, मग मजकूर, आणि मजकूर संपतो तिथे लहानशी दुसरी मुद्रा, 'मर्यादेयं विराजते', म्हणजे इथे पत्र संपलं, याच्या पुढे कोणी काही वाढवायचं नाही. शिक्का आणि मोर्तब. माझ्या चिठ्ठीतही वर भोकाखाली मोठा ठसा, मध्ये नावाला मोकळी जागा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक लहानसा ठसा: पेन्सिलीच्या मागच्या टोकाला रबर असतं ना, त्याने उमटवलेला गोल ठिपका, किंवा चार ठिपके चौकोनात. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ते दिसतात. एवढ्याने चिठ्ठी पुरी झाल्यासारखी वाटते.

सगळ्या चिठ्ठ्यांवर ठसा एकाच जागी यावा म्हणून पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून ठेवा. चिठ्ठी त्या कोपऱ्यात बसवायची आणि ठशाचं लाकूड कडेच्या खुणेला लावायचं. थोडं इकडेतिकडे होतंच, आणि ते छान दिसतं.

कडेला नक्षी हवी असेल तर करंजीचं कातणं उत्तम काम करतं. पॅडवरून चाक फिरवायचं आणि पट्टीला लावून कागदावरून ओढायचं, नागमोडी किनार उमटते. पण एकदा रंगात गेलेलं कातणं पुन्हा करंजीला लावायचं नाही. माझ्याकडे सासूबाईंचं पितळी कातणं आहे, त्याची मूठ सैल झाल्यामुळे ते स्वयंपाकघरातून आधीच निवृत्त झालं होतं. आता ते कंपासपेटीत असतं.

छापलेल्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवू नका. सुपात किंवा वर्तमानपत्रावर सुट्या पसरा, नाहीतर दोरी बांधून चिमट्यांनी लटकवा. कोरडी हवा असेल तर रात्रभरात वाळतात. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर दोन दिवस द्या. पंख्याखाली ठेवायच्या तर वर जाळीचं झाकण घाला, नाहीतर सगळ्या घरभर होतात.

भोक, दोरा, नाव

वाळल्यावर भोक. कचेरीतल्या पंचने, वरच्या कडेपासून निदान आठ मिलिमीटर आत. फाटतं ते इथेच. म्हणून भोक पाडायच्या आधी मागच्या बाजूला जुन्या सुती कापडाचा पंधरा मिलिमीटरचा गोल खळीने चिकटवा आणि मग दोन्हींतून आरपार पंच करा. शिलाई मशीनखालच्या कातरणांतून असे ७० गोल अर्ध्या तासात निघतात, आणि मागच्या बाजूला वेगवेगळ्या रंगांचे दिसतात.

दोरा मी नाडाछडीचा घेते, लाल-पिवळा. सुतळीही गेरूजवळ छान दिसते, पण तिचे तूस डब्यात पडतात. २५ सेंटिमीटरचा तुकडा दुमडून फासा भोकातून घाला आणि दोन्ही टोकं त्या फाशातून ओढून घ्या. डब्याला बांधताना मात्र सरफास घाला, गाठ मारू नका. समोरच्याला कात्री न घेता सोडता आला तरच तो परतीच्या डब्याला बांधला जाईल.

नाव लिहायला बोरू असेल आणि हात बसलेला असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही; पण हातकागदावर दौतीची शाई फुटते, म्हणून आधी तुकड्यावर बघा. न फुटणारं काळं पिगमेंट पेन सगळ्यांत बिनधोक. आणि नुसतं नाव लिहू नका. आपल्याकडे पत्राला मायना असतो. वडीलधाऱ्यांना 'ती.', धाकट्यांना 'चि.', मग 'सौ.', 'श्री.' जे योग्य ते. भाऊबिजेच्या डब्यावर मी फक्त 'दादास' लिहिते. तो ७४ वर्षांचा आहे, आणि एवढा एक शब्द वाचून त्याचा फोन येतो. दुकानातली छापील चिठ्ठी 'टू' आणि 'फ्रॉम' एवढंच विचारते. तिथे 'ती.' लिहायला जागाच नसते.

डब्यात काय आहे तेही पुढच्या बाजूलाच, नावाखाली बारीक अक्षरात: 'बेसन लाडू, चकली, शेव. केले: धनत्रयोदशीस.' ओल्या नारळाची करंजी असेल तर 'आधी संपवा' हे अवश्य लिहा. कोणाला शेंगदाणे चालत नसतील, कोणाला साखर वर्ज्य असेल, तर त्यांच्या चिठ्ठीवर तसं स्पष्ट नमूद करा. सणाच्या गर्दीत डबे एकमेकांत मिसळतात.

चिठ्ठी नेहमी डब्याच्या बाहेर, कडीला किंवा दोऱ्याला. आत टाकली तर तूप पिते आणि रंग फराळाला लागतो.

मागची बाजू पूर्ण कोरी ठेवा. फोन नंबर नको, पत्ता नको, शुभेच्छांचा मजकूर नको.

काम संपलं की ठसे कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि प्रत्येक ठसा वेगळ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळा. पांढरी खोडरबरं प्लॅस्टिकच्या डब्यात तशीच ठेवली तर काही महिन्यांत डब्याला चिकटतात, एकमेकांनाही चिकटतात आणि कोरलेल्या रेघा वितळल्यासारख्या होतात. माझे दोन कंदील असे गेले. आता सगळे ठसे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. पणती आणि ठिपके संक्रांतीच्या वाणालाही चालतात. तेव्हा फक्त तिळाच्या आकाराचा एक नवा ठसा कोरते आणि हलव्याच्या पुड्यांना चिठ्ठ्या बांधते.

जावेकडून परत आलेली ती चिठ्ठी त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. दोन्ही बाजू भरल्या आहेत तिच्या. यंदा तिच्यासाठी शंकरपाळीचा ठसा कोरतेय, तिच्या हातच्या शंकरपाळ्या आमच्या घरात सगळ्यांत खुसखुशीत होतात म्हणून.